काट्यावरचे बारा दिवस

आमच्या घरात प्रवासाची सुरुवात नेहमी वजनावरून होते. २०२४ च्या आश्विनात मी बिलासपूरला जायला निघालो तेव्हाही तेच झालं. तिकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात माझी भाची डॉक्टर आहे. "पोर रानात राहते, तिला कोण करून घालणार?" असं म्हणत सौभाग्यवतींनी चिवडा, बेसनाचे लाडू, थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला असा एकेक डबा ट्रंकेत कोंबला. शेवटी मी स्नानघरातला वजनकाटा बाहेर काढला आणि ट्रंक त्यावर ठेवली. तेहतीस किलो!

"अहो, उचलणार हमाल आहे, तुम्ही नाही," असा निकाल मिळाला आणि विषय संपला. हा तेहतीसचा आकडा माझी पाठ सोडणार नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस संध्याकाळी सुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर, मग गोंदिया, आणि तिथून पुढं गाडी जी भाताच्या खाचरांत शिरते ती शिरतेच. डोंगरगडच्या टेकडीवर बम्लेश्वरीचं देऊळ दिसतं. राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर करत संध्याकाळी बिलासपूर येतं. खिडकीशी बसून मी नुसता हिरवा रंग पीत होतो. छत्तीसगडला 'धान का कटोरा' म्हणतात. भाताचं हे भरलेलं वाडगं डोळ्यांनी पाहिल्यावर इथं कोणी उपाशी असेल असं मनातही येत नाही. पण आश्विनातला हिरवा भात म्हणजे अजून घरात न आलेला भात, हे शहरी माणसाच्या लक्षात येत नाही. शेतात पीक उभं असतं, घरातली कणगी रिकामी असते. वर्षातले सगळ्यांत ओढीचे दिवस हेच.

बिलासपूर स्टेशनाला साहित्यातही जागा आहे. रवींद्रनाथांच्या १९१८ सालच्या 'पलातका' या संग्रहात 'फाँकि' नावाची कविता आहे. आजारी बायकोला हवापालटासाठी घेऊन निघालेला नवरा याच स्टेशनावर गाडी बदलतो. तिथं एका गरीब बाईला पंचवीस रुपये द्यायला बायको सांगते. हा दोन रुपयांवर तिची बोळवण करतो आणि बायकोला खरं सांगत नाही. पुढं बायको जाते, आणि ती फसवणूक त्याला जन्मभर सलत राहते. इथून पुढं पेंड्रा रोडला क्षयाच्या रोग्यांसाठी सॅनिटोरियम होतं. त्याच पेंड्र्याहून १९०० साली माधवराव सप्र्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. घरी मराठी बोलणाऱ्या माणसानं हिंदी गद्याची मोठी सेवा केली, याचा अभिमान मी पुढल्या प्रवासात भाचीपाशी दोनदा व्यक्त केला. दुसऱ्यांदा तिनं जांभई दिली.

स्टेशनावर ती जीप घेऊन आली होती. अर्पा नदी ओलांडून कोट्याच्या रस्त्याला लागलो, मग तोही सोडून आत वळलो. अंधारात मैकलच्या डोंगरांची नुसती कड दिसत होती. दवाखाना म्हणजे कौलारू बैठ्या इमारतींच्या तीन ओळी, मधे चौक, चौकात हातपंप आणि एक जुनं मोहाचं झाड. पहाटे उठून पाहतो तो त्या झाडाखाली दीड-दोनशे माणसं बसलेली! कोणी रात्रीच येऊन झोपलेली, कोणी तीन डोंगर ओलांडून आलेली. गोंड, बैगा, आणखी कोण कोण.

"मामा, तू बँकेत होतास ना? मग आकडे लिही," भाची म्हणाली आणि माझ्या हाती एक जाड वही दिली. वजनाच्या काट्याशी बसणारी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. काम सोपं. रोगी काट्यावर उभा राहील, त्याचं वजन लिहायचं. भिंतीवरच्या पट्टीला टेकवून उंची लिहायची. आणि दंडाभोवती टेप लावून तो आकडाही. एकोणचाळीस वर्षं मी लोकांच्या पैशांचे आकडे लिहिले. माणसांचे आकडे लिहायची ही पहिलीच वेळ.

पहिल्या दिवशी मी काटा बिघडलाय असं समजून दोनदा तपासला. चाळीस-पंचेचाळिशीचा बाप्या, खांद्यावर पंचा, नांगर धरून धरून घट्टे पडलेले हात. काट्यावर उभा राहतो आणि काटा एकेचाळीसपाशी थांबतो. त्याच्यामागं दुसरा, अडतीस. बायकांची तर गोष्टच नको. शेवटी मीच काट्यावर उभा राहिलो. चौऱ्याहत्तर. काटा ठीक होता.

"चुकीचं काही नाही," भाची म्हणाली. तिनं मला सांगितलं ते असं. इथून जवळच गनियारी गाव आहे. तिथल्या जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी २००४ ते २००९ या काळातल्या १,६९५ फुप्फुसाच्या क्षयरोग्यांची वजनं नीट मांडून २०१३ साली छापली. पुरुषांचं मधलं वजन ४२ किलो आणि बायकांचं ३४. मधलं म्हणजे निम्मे त्याहून हलके. किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागलं की जो आकडा येतो तो धडधाकट माणसाचा साडेअठराच्या वर हवा. इथं पुरुषांचा सोळा होता, बायकांचा पंधरा. आणि रोग सापडला त्या दिवशी जे फार खंगलेले होते, त्यांच्यात दगावण्याचा धोका इतरांच्या दुप्पट होता.

"म्हणजे क्षयानं खंगतात?" मी विचारलं.

"क्षयानं खंगतात, आणि खंगलेल्यालाच क्षय धरतो. जंतू पुष्कळांच्या छातीत निजलेला असतो, मामा. पोट भरलेलं असेल तर बहुतेकांच्या बाबतीत तो जन्मभर निजूनच राहतो."

वाचकांतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, आपल्या घरांतूनही हा रोग होऊन गेला आहे. फक्त आपण त्याचं नाव घेत नसू. माझी आत्या १९५७ साली मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होती. मी सात वर्षांचा होतो. तिचं कार्ड दर आठवड्याला यायचं आणि 'सा. न. वि. वि.' नंतरची पहिली ओळ ठरलेली: 'वजन ८७ पौंड.' मग ८९, मग ९२. आजोबा ते कार्ड मोठ्यानं वाचायचे आणि आकडा आला की थांबून सगळ्यांकडं बघायचे, जणू नातवाचे परीक्षेतले मार्क. आत्याला तिथं दूध, लोणी आणि रोज दोन अंडी मिळत. आमच्या सोवळ्या घरात अंडं हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. आजी त्याला 'पांढरं औषध' म्हणायची आणि शेजारणींना तेच सांगायची. आत्या बरी होऊन आली ती ऐंशी वर्षं जगली.

मग हे 'पांढरं औषध' गेलं कुठं? त्याचाही इतिहास आहे आणि तो सरळ नाही. १९५२ साली आयसोनायझिडची गोळी आली. सॅनिटोरियममध्ये खाटा थोड्या, रोगी लाखांनी. तेव्हा मद्रासला १९५६ पासून एक पाहणी झाली. काही रोग्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या झोपडीतच राहू देऊन गोळ्या दिल्या. १९५९ साली निष्कर्ष आला: घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले, त्यांचं खाणं निकृष्ट असून. ही मोठीच गोष्ट होती. लाखो गरिबांना घरबसल्या उपचार मिळाले ते त्या पाहणीमुळं, आणि तिला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण 'चांगल्या अन्नावाचून गोळी काम करते' याचा अर्थ हळूहळू 'अन्नाची गरजच नाही' असा होत गेला. सॅनिटोरियमबरोबर दुधाचा पेलाही मोडीत निघाला.

तिसऱ्या दिवशी ती आली. वय तिशीच्या आसपास, काखेत दोन वर्षांचं पोर, मागं नवरा. पोर नवऱ्याकडं देऊन ती काट्यावर उभी राहिली. ३२.४. मी आकडा लिहिला आणि माझ्या डोळ्यांपुढं आमची ट्रंक आली. त्या बाईहून माझे लाडू-चिवडा जड होते.

महिन्यापूर्वी तिला क्षय असल्याचं निघालं होतं. तेव्हा वजन होतं ३३.१. औषधं चालू असून उतरलं कसं? भाचीनं तिच्या पिशवीतली पाकिटं काढून मोजली तर निम्म्याहून जास्त गोळ्या तशाच. ती ओरडली नाही. शेजारी बसून तिनं कारण विचारलं. बाई बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली, मग म्हणाली, "गोली खाथंव त भूख अडबड लागथे, डाक्टरिन. घर म का खाहूं?"

गोळी घेतली की भूक फार लागते. घरी काय खाऊ?

रोग हटू लागला की मेलेली भूक परत येते. गोळी लागू पडल्याची ती खूण. आपल्या घरी रोग्यानं 'भूक लागली' म्हटलं की आनंदानं रडतील. या बाईनं ती भूक परवडेना म्हणून गोळीच बंद केली होती.

घरात तांदूळ नव्हता असं नाही. छत्तीसगडची रेशनव्यवस्था नावाजलेली आहे आणि ती खरोखर चालते, हे मी तिथल्या लोकांच्या तोंडून ऐकलं. पण भाताबरोबर काय? रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा, त्याला 'बासी' म्हणतात. सोबत मीठ, मिरची, जमली तर टोमॅटोची चटणी. डाळ आठवड्यातून एखाद-दोनदा. तेल फोडणीपुरतं. दूध नाहीच, गाय असली तरी ती नांगराला बैल देण्यासाठी. अंडी कोंबडी घालते, पण ती बाजारात जातात. आणि जे शिजतं ते आधी नवऱ्याला, मग पोरांना, मग उरलं तर हिला.

तिला दाखल करून घेतलं. वॉर्डातलं जेवण मी रोज पाहत होतो: भात, घट्ट डाळ, भाजी, उकडलेलं अंडं, आणि दुपारी सत्तू किंवा शेंगदाणे-गूळ. पहिल्याच जेवणाला तिनं ताट पुढं ओढलं, अंडं पोराला दिलं, डाळभात निम्मा नवऱ्यापुढं सरकवला आणि उरलेलं स्वतः खाल्लं. मी तावातावानं भाचीकडं तक्रार घेऊन गेलो. ती हसली. "म्हणूनच आमच्या स्वयंपाकघरात एका खाटेमागं दोन ताटं धरतात. तू दुसरं ताट यायच्या आत उठलास." सोबतचा माणूसही मजुरी बुडवून आलेला असतो, तो काय खाणार, हा प्रश्न कुठल्याही केसपेपरवर छापलेला नसतो.

मधे एक रविवार आला. नवरात्र चालू होतं, म्हणून मी रतनपूरला जाऊन आलो. मराठी माणसानं इकडं येऊन रतनपूर चुकवू नये. कलचुरींची ही जुनी राजधानी १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या सैन्यानं घेतली. पुढं बिंबाजी भोसले इथंच राहून राज्य करीत, आणि टेकडीवरचं राममंदिर त्यांनी बांधलेलं. नवरात्रात महामायेच्या देवळात भक्तांच्या नावांचे हजारो ज्योतिकलश तेवत असतात. ती ओळींमागून ओळी लावलेली ज्योत पाहून मी हात जोडले. मनात तेलाचा हिशोब आला तो मी तिथंच दाबला. देवीच्या दारात तेल मोजणारा माणूस घरी स्वतःच्या फोडणीचं तेल मोजत नाही, हे मला माहीत होतं.

येताना प्रसादाचे पेढे आणले. आणि इथं माझ्या हातून जे झालं ते सांगितलं पाहिजे.

पुरुषांच्या वॉर्डात सतराएक वर्षांचा एक मुलगा होता. उंची १५५, वजन २९. शर्ट हँगरला अडकवावा तसा अंगावर लटकत होता. त्याला दर तीन तासांनी मोजून थोडं थोडं खायला देत. मला तो चिमूटभर आहार म्हणजे कंजुषी वाटत होती. संध्याकाळी कोणी नव्हतं. मी त्याला चार पेढे दिले, वर दोन केळी. त्यानं ज्या वेगानं खाल्लं ते पाहून मला भरून आलं. पुण्य लागल्यासारखा मी झोपायला गेलो.

रात्री अकराला धावपळ ऐकू आली. त्याला उलट्या, जुलाब, धाप. भाची पहाटे तीनपर्यंत त्याच्याजवळ होती. सकाळी चहाच्या वेळी तिनं विचारलं, "कोणी दिलं?" मी सांगितलं. ती माझ्याकडं बघून काही बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मग अगदी हळू आवाजात तिनं समजावलं. महिनोन् महिने उपाशी राहिलेलं शरीर सगळे कारखाने बंद करून बसलेलं असतं. एकदम गोड आणि भरपूर पडलं की रक्तातली फॉस्फेट, पोटॅशियमसारखी क्षारद्रव्यं झपाट्यानं पेशींत ओढली जातात आणि हृदयच थांबू शकतं. १९४५ साली छळछावण्यांतून सुटलेली माणसं सैनिकांनी कळवळ्यानं भरपूर खायला दिल्यावर अशीच दगावली होती.

"उपास सोडवायचा असतो मामा, तोडायचा नसतो."

मुलगा वाचला. दोन दिवसांनी तो मला बघून हसलाही. मला मात्र त्या वॉर्डात जायला चार दिवस धीर झाला नाही.

काहीतरी भरपाई करावी म्हणून मी माझ्या खात्यातलं काम धरलं. क्षयरोग्याला पोषणासाठी सरकार एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देत होतं. (१ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले.) हे पैसे थेट बँकेत जमा होतात. ३२.४ वजनाच्या त्या बाईला एक पैसा मिळाला नव्हता. खातं होतं, पण कागदपत्रांची फेरतपासणी न झाल्यानं गोठलेलं. मी तिच्या नवऱ्याला घेऊन बँकेत गेलो. बँकेचं नाव सांगत नाही. जन्मभर जी भाकरी खाल्ली तिला नावं ठेवू नयेत. पहिल्या खेपेला 'उद्या या'. दुसऱ्या खेपेला 'बाईलाच आणा'. तिसऱ्या खेपेला बाईला जीपमधून नेलं तर अंगठ्याचा ठसा यंत्राला पटेना. रोवणी-निंदणीत रेषा झिजून गेलेल्या. मी तिथल्या पोरसवदा अधिकाऱ्याला माझी नोकरी, माझी शाखा, माझं निवृत्तीचं साल सगळं सांगितलं. अखेर दुसऱ्या बोटाचा ठसा जुळला. इतक्या वर्षांत किती लोकांना मी स्वतः 'उद्या या' म्हटलं असेल, हे मी मोजायला गेलो नाही.

त्याच फेऱ्यांत मी तिच्या नवऱ्याला सहज काट्यावर उभं केलं. ४१. त्याला काही आजार नव्हता. खोकला नाही, ताप नाही. वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'नवरा ४१.' मग सवयच लागली. ज्याच्यासोबत जो आला असेल त्याला उभं करायचं आणि समासात लिहायचं. 'सासू ३३.' 'भाऊ ४४.' 'मुलगी, वय १५, ३१.'

भाचीनं एकदा ते पाहिलं आणि झारखंडातल्या एका मोठ्या प्रयोगाची हकीगत सांगितली. २०१९ ते २०२२ या काळात तिथं चार जिल्ह्यांतल्या २,८०० क्षयरोग्यांना औषधाबरोबर दरमहा शिधा दिला: तांदूळ, सत्तू, दुधाची भुकटी, तेल. आणि निम्म्या घरांतल्या बाकीच्या माणसांनाही, दर माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तुरीची डाळ. २०२३ साली निष्कर्ष छापले गेले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथं नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि इतरांना लागण करणाऱ्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. आणि ज्या रोग्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. पाच टक्के म्हणजे या बाईच्या बाबतीत जेमतेम पावणेदोन किलो. आमच्या ट्रंकेतल्या लाडवांच्या डब्याएवढं.

तो डबा, आणि बाकीचे सगळे, मी भाचीच्या परवानगीनं आणि तिच्या मापानं वाटले. बेसन, तूप, साखर, दाणे, डाळं. सौभाग्यवतींनी नकळत फार शास्त्रीय ट्रंक भरली होती. भाजणीचं थालिपीठ तर दवाखान्याच्या स्वयंपाकिणीला इतकं आवडलं की तिनं धान्यांची यादी लिहून घेतली. मेतकूट मात्र कोणी खाईना. ते भाचीनं खाल्लं.

बाराव्या दिवशी निघताना बाईचं वजन घेतलं: ३३.०. तिनं काटा स्वतः वाकून पाहिला. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण काटा पुढं सरकलाय हे तिला कळलं. मी म्हटलं, "गोळी सोडू नकोस." ती म्हणाली, "नइ छोडंव, कका." शब्दाला जागेल की नाही, मला सांगता येत नव्हतं. दवाखान्यानं महिन्याचा शिधा बांधून दिला होता. तो नवऱ्यानं डोक्यावर घेतला.

संक्रांतीला भाचीचा फोन आला. तिळगूळ वगैरे झाल्यावर मी भीतभीत विचारलं.

"३६.१," ती म्हणाली. "भांडून गेली काल. पस्तीसच्या वर गेलं की दोनाच्या तीन गोळ्या होतात ना. म्हणते, मी बरी झाले तर गोळी वाढवता कशाला?"

"आणि नवरा?"

"त्रेचाळीस. त्याला काही नाही." मग थोडं थांबून ती म्हणाली, "मामा, तुझ्या समासातल्या लिखाणावरून मी वहीत एक रकाना वाढवला. सोबत आलेल्याचाही. ज्यांची वजनं फार कमी निघतात त्यांची छाती तपासतो. आत्तापर्यंत दोघांना सापडला. त्यातली एक ती पंधरा वर्षांची मुलगी."

"कोण, एकतीसवाली?"

"हो. कालपासून गोळ्या चालू केल्या. पुढल्या खेपेला येताना भाजणी जास्त आण."

मी सौभाग्यवतींना निरोप सांगितला. त्यांनी काही न बोलता पाटावर चढून माळ्यावरची मोठी ट्रंक काढली.